वरच्या फळीवरचे रुमाल

आमच्या कचेरीतल्या दप्तरखान्याच्या दाराशी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा असे. आत जाणाऱ्याने खिशातली काडेपेटी त्यात टाकायची आणि मगच उंबरठा ओलांडायचा, असा दप्तरदारांचा कायदा होता. नवे साहेब पहिल्यांदा पाहणीला आले तेव्हा दप्तरदार डबा हातात घेऊनच दारात उभे राहिले. साहेब म्हणाले, "माझ्याकडे काडेपेटी नाही." दप्तरदार म्हणाले, "मग खिसा दाखवायला हरकत नसावी." खिशातून काडेपेटी निघाली. साहेब कसनुसं हसले, पण ते हसू त्यांच्या पोटात गेलं नव्हतं, हे आम्हाला पुढे कळायचं होतं.

दप्तरदारांचा खरा हुद्दा रेकॉर्डकीपरचा. पण संस्थान असल्यापासून त्याच खोलीत बसलेले, म्हणून अख्खं भोर त्यांना दप्तरदार म्हणे. अंगाने काटकुळे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, डोक्यावर काळी टोपी आणि कपाळावर चढवलेला चष्मा. अंगाला कायम वेखंडाचा वास. किडीसाठी रुमालांत घालायच्या वेखंडाची पूड ते स्वतः कुटत. रुमाल म्हणजे कागदांचे गठ्ठे, खादीच्या चौकोनी फडक्यात बांधलेले. त्यांची गाठ तेच मारत आणि तेच सोडत. चुकून मी एकदा सोडली, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "बाई, गाठ कोणी सोडली हे कळलं पाहिजे, म्हणून ती एकाच हाताची असते."

सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास मी तिथे कारकून म्हणून लागले. कचेरीतली पहिली बाई. हिला बसवायचं कुठे, यावर चार दिवस खल झाला आणि शेवटी मला दप्तरखान्यात टाकलं, म्हणजे नजरेआड. मी धुसफुसत होते. मॅट्रिकला इंग्रजीत शाळेत पहिली आलेली मी, आणि इथे झुरळं झटकत बसायचं! तेव्हा माझ्या नाकावर राग असे. अजूनही आहे, पण आता त्याला कोणी विचारत नाही.

दप्तरदारांची सारी दुनिया पाच वर्गांत मावलेली होती. कचेरीतल्या प्रत्येक कागदाला वर्ग असतो आणि वर्गाप्रमाणे तो ठेवायची मुदत. अ म्हणजे कायमचा. ब तीस वर्षं, क दहा, क-एक पाच, आणि ड एक वर्ष. मुदत सरली की कागद निवडून नष्ट करायचे. या कामाला कचेरीच्या भाषेत निंदणी म्हणतात. पण दप्तरदार हे वर्ग माणसांनाही लावत. शेजारी भांडला की, "क-एक. पाच वर्षांनी मुलाच्या लग्नाला बोलवील." मुलीच्या सासरची कुरबूर ब वर्गात. मोठे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, एकदा सगळ्यांसमोर मला काहीतरी लागट बोलले आणि मी रुमालांच्या आड जाऊन रडले. दप्तरदारांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "ड मध्ये टाका, बाई. वर्षाने आठवलं तर माझ्याकडे या."

त्यांनी ते खरंच वहीत लिहून ठेवलं होतं. वर्षाने त्याच तारखेला विचारलं, "काय म्हणाले होते मोठे बाबू?" मला शब्द आठवेनात. "मग गेलं मुदतीत," म्हणून त्यांनी वहीत काट मारली.

दयामाया मात्र त्यांच्या दप्तरात नव्हती. ठेवायचा तो कागद ते प्राण गेला तरी ठेवत आणि जाळायचा तो एक दिवसही जास्त ठेवत नसत. "जाळायला काडी लागते, ठेवायला माणूस लागतो," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं, "कागदावर नाही ते नाही." एखादा म्हातारा पाया पडून सांगे की कागद होता, मी डोळ्यांनी पाहिलाय. दप्तरदार नोंदवही बघत आणि शांतपणे म्हणत, "कागदावर नाही ते नाही." मला त्यांचा फार राग येई.

आणि एक लकब. इंग्रजी पत्र आलं की ते माझ्यापुढे सरकवत. "वाचा बाई, तुमचा उच्चार ऐकू द्या." मी फुलून जाऊन खडाखडा वाचत असे. ते मान डोलवत ऐकत, मग म्हणत, "आता मराठीत सांगा, म्हणजे समजून वाचलंत की नाही ते कळेल." परीक्षाच ती. मी प्रत्येक वेळी पास होत असे.

त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. चाळीस वर्षांतली त्यांची पहिली लांब रजा. नेमका तेव्हाच हुकूम आला की सगळं काम मराठीत करायचं, रुमालांवरच्या चिठ्ठ्याही मराठीत करायच्या. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही हुशार आहात, करून टाका." हे ऐकायला मी आसुसलेलीच होते. फळ्या रंगवून घेतल्या, वर्गाप्रमाणे रुमाल लावले. इंग्रजी ए होतं तिथे अ लिहिलं, बी चा ब, सी चा क आणि डी चा ड. डीचे चौदा रुमाल सगळ्यात वरच्या फळीवर होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुने. ड वर्ग, म्हणजे मुदत केव्हाच सरलेली! इतकी वर्षं म्हाताऱ्याने हे का साठवून ठेवलं, असं मनाशी म्हणत मी ते चौदाही रुमाल निंदणीच्या सूचीत घातले.

दप्तरदार जाड भिंगांचा चष्मा लावून परत आले आणि दारातच थबकले. "बाई, तुम्ही माझ्या घरात मलाच पाहुणा केलंत." मग मान वर करून पाहिलं. "वरच्या फळीवरचे कुठायत? ते हलवायचे नव्हते."

"का?"

"माझ्या आधीच्या दप्तरदारांनी सांगून ठेवलं होतं, वरची फळी हलवायची नाही."

"पण का?"

"ते त्यांनी सांगितलं नाही."

मला हसू आलं. मी म्हटलं, "सगळे वर्गाप्रमाणे लावलेत. चिठ्ठ्या बघून घ्या हवं तर." त्यांनी एक रुमाल हातात घेतला. वर माझी मराठी चिठ्ठी, खाली जुनी इंग्रजी. बराच वेळ ते चिठ्ठीकडे बघत राहिले. मग सूची मागून घेतली आणि 'तपासली' लिहून खाली सही केली. चाळीस वर्षं एक खाडाखोडसुद्धा न करणारा माणूस इतक्या सहज सही करतो, याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मी खुश झाले, एवढंच.

याच सुमाराला सोनाबाई दर सोमवारी यायच्या. पालीच्या अलीकडच्या एका वाडीतल्या. नसरापूरला एसटी बदलून भोरला पोचेपर्यंत अर्धा दिवस जायचा. साठीच्या, बौद्ध समाजातल्या, सडसडीत आणि बोलायला तिखट. वतनं बंद झाली तेव्हा ती जमीन जो कसत होता त्याच्या नावे करून द्यायची असा कायदा झाला. सोनाबाईंच्या सासऱ्यांकडे एक भाताचं वावर होतं. गावातलं एक वजनदार घर म्हणत होतं, यांच्याकडे कधी नव्हतंच. संस्थानच्या वेळी याच वावरावरून तंटा झाला होता आणि त्या कागदांत सासऱ्यांचं नाव होतं. त्याची नक्कल मिळाली तर वावर राहणार होतं, नाहीतर जाणार होतं. दप्तरदार प्रत्येक सोमवारी विचारत, "रुमालाचा नंबर?" त्या म्हणत, "न्हाई." दप्तरदार म्हणत, "नंबराशिवाय शोधायचं कुठे?" की त्या परत.

निंदणीचा दिवसही सोमवारच ठरला. मागच्या अंगणात विहिरीच्या पलीकडे ढीग रचला होता. तीन वाजता काडी लावायची. साहेबांना दौऱ्यावर जायचं होतं म्हणून 'माझ्या समक्ष नष्ट केले' या दाखल्यावर त्यांनी सकाळीच सही करून टाकली होती. नोंदवहीत मीच एकेका नंबरापुढे 'नष्ट' लिहिलं होतं.

पावणेतीनला सोनाबाई आल्या. उंबरठ्याबाहेर बसून त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली.

"नंबर न्हाई, दप्तरदार, पर ह्ये गावलं. सासऱ्यानं बुद्धाच्या तसबिरीमागं खोवून ठिवलं व्हतं. सारवाया तसबीर उतरवली तवा पडलं. बेस्तरवारी तारीख हाय. वकील म्हनला, कागूद न्हाई तर वावर बी न्हाई."

मोडीतला चिटोरा होता. दप्तरदारांनी तो एका दमात वाचला. मोडी त्यांना तोंडपाठ असल्यासारखी येई. "रुमाल एकशे बेचाळीस. वतनाचा तंटा." ते उठले, फळ्यांवरून बोट फिरवत गेले आणि मोकळ्या जागेपाशी थांबले. "बाई, एकशे बेचाळीस?"

मी सूची उघडली. "तो ड मध्ये होता. आज जातोय."

"तंट्याचा कागद ड मध्ये? तंटा कधी ड नसतो."

"चिठ्ठीवर होतं. डी."

"डी म्हणजे ड, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं.

दप्तरदार धावले. त्यांना धावताना भोरमध्ये कोणी पाहिलं नसेल. अनवाणीच. टोपी दारात पडली ती सोनाबाईंनी उचलली आणि माझा दंड धरला. "काय झालं, बाई?"

"तुमचा कागद जाळायच्या ढिगात गेलाय."

"कशापायी?"

"आज निंदणी आहे. नको ते कागद निवडून..."

"म्हंजी आमची भाताची बेणणी," त्या म्हणाल्या आणि लुगड्याचा ओचा वर धरून माझ्या पुढे निघाल्या.

अंगणात रॉकेलचा वास भरला होता. साहेब खुर्चीवर, शेजारी दोन पंच, फाटकाशी जीप चालूच. शिपायाने एक काडी ओढली, ती विझली. दुसरी काढली तोच दप्तरदारांनी त्याच्या हातातून काडेपेटी हिसकली आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात घातली. ज्याने जन्मात काडेपेटीला हात लावला नव्हता, त्याने.

"हे काय चाललंय?" साहेब उठले.

"ढिगात चुकीचा रुमाल गेलाय, साहेब. एकशे बेचाळीस."

साहेबांनी नोंदवही पाहिली. "नष्ट केलाय. दाखल्यावर माझी सही आहे. तो रुमाल आता अस्तित्वात नाही."

"समोर आहे, साहेब."

"कागदावर नाही." आणि मग फार सावकाश म्हणाले, "कागदावर नाही ते नाही. तुमचंच वाक्य ना?"

खिडक्यांत कारकून गोळा झाले होते. कोणीतरी हसलं. डबा पुढे केल्याचा हिशेब साहेब आज चुकता करत होते, हे सगळ्यांना कळलं. दप्तरदारांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. मला वाटलं, आता हे खिशातली काडेपेटी काढून देतील. नियमापुढे त्यांनी कधी मान वर केलेली नव्हती.

तेवढ्यात सोनाबाई पुढे आल्या. टोपी अजून हातात होती. "सायेब, आमी बी भातात बेणणी करतो. भातासारखंच दिसणारं गवत असतंया. पोरगी नवी आसली तर रोपच उपटती. मग आमी काय म्हनतो, उपटलं म्हंजी ते भात नव्हतंच? न्हाई. हात घालून परत लावतो. मूळ वलं हाय तवर लागतंया."

शिपाई मागे सरला. दप्तरदार मातीत गुडघे टेकून बसले आणि ढिगात दोन्ही हात घातले. एकेक रुमाल काढत, गाठ चाचपत, बाजूला ठेवत गेले. मी पण बसले. रॉकेलने माझं पातळ भिजलं. मधल्या थरात एकशे बेचाळीस सापडला. त्यांनी गाठ सोडली. वरच्याच पानावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्यांनी पान माझ्यापुढे धरलं.

"वाचा बाई. मोठ्याने."

मी वाचलं. "डी. डिस्प्यूटेड. नॉट टु बी डिस्ट्रॉइड अंटिल सेटल्ड."

"आता मराठीत."

"डी म्हणजे वादातले. निकाल लागेपर्यंत नष्ट करू नयेत."

डी होता तो राखण्यासाठी आणि मी त्याचा ड करून सगळ्यात आधी जाळायला काढला होता. चौदा तंटे, म्हणजे चौदा घरं.

"सूची कोणी केली?" साहेबांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"तपासणीची सही माझी आहे," दप्तरदार म्हणाले.

"तुम्ही आतलं पान न वाचता सही केलीत?"

दप्तरदारांनी खाली पाहिलं. "लेखी सांगतो, साहेब."

"दोघांनी संध्याकाळपर्यंत खुलासे द्या." साहेब जीपमध्ये बसले. न जाळताच सही केलेल्या त्यांच्या दाखल्यालाही काडी लागलेली होती, म्हणून चेहरा उतरला होता.

बाकीचे तेराही रुमाल काढून आम्ही आत आणले. मी रडत रडत दोन पानं लिहिली. दप्तरदारांनी अर्धंच पान लिहिलं, पण मला लागला त्याहून जास्त वेळ त्यांना लागला. तीनदा त्यांनी टाक खाली ठेवला. एकशे बेचाळीसची पानं दोरीवर वाळत घातली होती, ती मधूनमधून बघत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने नक्कल उतरवून सोनाबाईंना दिली.

गुरुवारी सुनावणीत समोरच्या वकिलाने नेमका तोच मुद्दा काढला. कचेरीच्या वहीत हा रुमाल नष्ट झालाय, मग कागद आला कुठून? बनावट आहे. तेव्हा कचेरीतून दप्तरदारांचा खुलासा मागवला गेला. पुढच्या सोमवारी सोनाबाई वावर राहिल्याचं सांगायला आल्या. "त्येंचा कागूद वाचला आन् वकील गपगार बसला." मी विचारलं, काय होतं त्यात? त्यांनी एकदा दप्तरदारांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ते त्येंचं त्येस्नी म्हाईत."

चार महिन्यांनी दप्तरदार निवृत्त झाले. सेवापुस्तकात ताकीद लागली होती, म्हणून हार आणायला कोणी पुढे झालं नाही. किल्ल्या माझ्या हातात देताना त्यांनी डबाही दिला. माझ्या खुलाशाचं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. नोकरी जाईल या भीतीने मी ते वर्ष काढलं. टपाल आलं की मी आधी त्यात माझं नाव शोधत असे.

वर्षाने निंदणी आली, या वेळी माझ्या सहीची. ड वर्गाचा गठ्ठा सोडला, तर त्यात माझा खुलासा. कोपऱ्यात दप्तरदारांच्या अक्षरात वर्ग, 'ड', आणि खाली मुदत संपल्याची तारीख. म्हणजे वर्षभर तो माझ्या मागच्याच फळीवर होता. मी घाबरत होते आणि तो मुकाट्याने मुदत भरत होता.

मग मी त्यांचा शोधला. तो एकशे बेचाळीस नंबरात, मूळ कागदालाच टाचलेला होता. कोपऱ्यात 'अ'. कायमचा.

"सदर रुमाल नष्ट झालेला नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही. ही गोष्ट मी चाळीस वर्षे कचेरीपासून लपवून ठेवली. त्यामुळे आतले पान न वाचता सूचीवर तपासल्याची सही केली. चूक माझी आहे. कागद खरा आहे."

वाचा बाई, तुमचा उच्चार ऐकू द्या! मला माझ्याच खडाखडा वाचण्याची लाज वाटली. मी टाक उचलला. 'अ' खोडून 'ड' करायला एक क्षण लागला असता, मग दोन्ही कागद एकाच आगीत गेले असते. टाक टेकवला आणि थांबले. ही सहा वाक्यं गेली, तर उद्या कोणीही उठून म्हणेल की नष्ट झालेला कागद आला कुठून. सोनाबाईंचं वावर या लाजेवर उभं होतं. दप्तरदारांनी ती टाचूनच ठेवली होती, हलू नये अशी.

माझा कागद मी जाळला. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. नुसतं म्हटलं, "आज निंदणी झाली. माझा गेला."

"मुदतीत?"

"मुदतीत."

"आणि दुसरा?"

"आहे. गाठ मी मारलीय."

त्यांनी मान हलवली. मग कोनाड्यातली डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली काढून माझ्यापुढे धरली. या वेळी परीक्षेचं सोंग नव्हतं की उच्चाराचं कौतुक नव्हतं. "वाचा बाई."

मी वाचलं. "आय ड्रॉप्स."

"यात डी आहे?"

मी बोट ठेवलं. त्यांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. माझ्या बोटाखालचं ते अक्षर ते किती तरी वेळ बघत राहिले.

"हाच का तो?"

"हाच."

"बघा की," ते म्हणाले, "दिसायला किती गरीब आहे."